काकवीचा वड

मी आमराईवर बसलो होतो, ही गोष्ट आमच्या घरात अजूनही निघते. पाहुणे आले, चहा झाला, बोलायचे विषय संपले की कुणीतरी ती काढतंच. आमराई सगळी वीतभर उंचीची होती आणि वाळायला म्हणून मीच ती खुर्चीवर ठेवली होती. कचेरीतून आलो, चपला काढल्या, "चहा टाक गं," म्हणालो आणि बसलो. झाडांची खोडं तांब्याच्या तारेची होती. त्यामुळे बसलो त्याच्या दुप्पट वेगाने उठलो.

समोरच्या पलंगावर माझे सासरे बसले होते. ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "वादळ लय मोठं झालं म्हणायचं, जावईबापू. समदी आमराई झोपली."

त्यांनी मला बसताना पाहिलं, की माझी बोंब ऐकून ओळखलं, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. तो यायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष त्या वेळी दुसरीकडे होतं.

सासरे कोरेगावकडचे. आगगाडीची छोटी लाईन होती तेव्हा तिच्यावर गार्ड होते. मोठी लाईन आली, छोटे रूळ उखडले गेले आणि त्याच सुमारास तेही निवृत्त होऊन गावी जाऊन बसले. मी त्यांना मामा म्हणत असे. बायको आप्पा म्हणे. आमच्याकडे सासऱ्याने जावयाला रागवायचं नसतं. काहीही झालं तरी जावयाचा मान ठेवायचा. मामांनी तो कायम ठेवला. दुसरा कुणी जिथे "गाढवा" म्हणाला असता, तिथे ते "जावईबापू" म्हणत. आवाज तोच, शब्द फक्त मानाचा.

ते सांगलीला आमच्याकडे आले होते ते डोळ्यासाठी. उजवा डोळा "पुढच्या महिन्यात बघू" करता करता आधीच गेला होता. आत मोतीबिंदू पिकून पिकून डोळा कामातून गेला. आता डाव्यातला मोती पिकला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आणखी थांबलात तर हाही उजव्याच्या वाटेने जाईल. मग माझ्या हातात काही नाही." त्यांनी भरती व्हायचा वार ठरवून दिला. आम्ही घरी आलो. मामा पलंगावर बसले आणि म्हणाले, "मी बुधवारच्या गाडीनं गावी जातो."

कारण सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी? त्यांचा एक जुना जोडीदार कुठल्याशा शिबिरात डोळा दाखवायला गेला होता. आंधळा होऊनच परतला. शिवाय ऑपरेशननंतर डोळ्यांना पट्टी बांधून कित्येक दिवस न हलता उताणं पडून राहावं लागे. ज्या माणसाने जन्मभर हलत्या डब्यात उभं राहून नोकरी केली, त्याला हे जमणार नाही असं त्याला स्वतःलाच वाटत होतं. पण गार्ड घाबरला, असं गार्ड म्हणणार नाही आणि त्याची मुलगीही म्हणणार नाही. एकदा त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, चारचौघांत "आप्पा, तुमास्नी आता दिसत न्हाई," असं म्हटलं होतं. त्यावर मामा उठले ते शेतातल्या खोपटात जाऊन राहिले. सुगी होईपर्यंत घरी आले नाहीत.

तेव्हा त्यांना सांगलीत रोखून कसं धरायचं, हा प्रश्न होता. तो सोडवायला मी पुढे झालो. कुणी बोलावलं नव्हतं.

मामांच्या ट्रंकेत एक चावीची आगगाडी होती. पत्र्याचं काळं इंजिन, तीन डबे, मागे गार्डाचा डबा आणि वर्तुळात जोडायचे रूळ. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांतल्या कुणीतरी दिलेली. ट्रंक ते जातील तिथे बरोबर नेत. मी म्हणालो, "मामा, ही गाडी आपण लावू या. तुमच्या लाईनवरचा आदर्कीचा घाट करतो मी. डोंगर, बोगदा, स्टेशन, झाडं. हुबेहूब!"

मला चित्रकला येत नाही. शाळेत मी काढलेल्या हत्तीला गुरुजींनी टेबल म्हणून मार्क दिले होते. पण बोलून तर गेलो.

मामांनी ट्रंक जवळ ओढली. मग म्हणाले, "करा. घाट झाला, त्यातनं गाडी फिरली, की मी मिरजेला जातो. पर झाडं झाडासारखी पायजेत. सोंग नगं."

एक जुनं दार दोन ट्रंकांवर आडवं टाकलं. कागदाच्या लगद्याचा डोंगर दोन दिवसांत उभा राहिला. तुपाचा डबा कापून बोगदा झाला. तोवर सगळं सोपं होतं. मग झाडं सुरू झाली आणि भरतीचा दिवस जवळ जवळ येऊ लागला.

पहिलं झाड मी अडुळशाच्या फांदीचं केलं. मामांनी ते हातात घेतलं, पान चाचपलं, डाव्या डोळ्याजवळ नेलं. "जावईबापू, ह्यातलं एक पान पडलं तर डबा रुळावरनं जाईल."

मग मी रीतच शोधून काढली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या मोटारींत नवी तार भरून देणारा एक जण होता. उसाला पाणी देणाऱ्या मोटारी जळल्या की त्याच्याकडे येत, आणि त्यांतली जळकी तांब्याची तार तो ढिगाने काढून टाकत असे. ती मागून आणली. तारांची जुडी करायची, खालून पिळायची की खोड होतं. वर दोन-दोन, तीन-तीन तारा सोडवून पिळत गेलं की फांद्या होतात. टोकाशी एकेक तार मोकळी ठेवायची. खोडावर माती आणि डिंक लावला की साल. घोसाळं वाळवून त्याची जाळी तोडून फांद्यांवर बसवायची आणि डिंकात बुडवून वर रंगवलेला लाकडाचा भुसा भुरभुरायचा. खरं सांगतो, जरा लांबून पाहिलं तर झाड वाटायचं. फार लांबून पाहिलं तर चांगलं झाड वाटायचं.

भुसा रंगवतानाही मी अक्कल चालवली. सांगलीत हळदीला काय तोटा! हळद पिवळी, नीळ निळी, दोन्ही मिळून हिरवं. रंग पक्का व्हावा म्हणून वर मूठभर धुण्याचा सोडा टाकला. बघता बघता सगळा भुसा कुंकवासारखा लाल झाला. बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, पाहिलं नाही कधी?"

"नाही."

"कसं पाहाल? कपडे कोण धुतं या घरात?"

पलंगावरून आवाज आला, "लाल झाला व्हय भुसा? असू द्या. पळस म्हणू." ते आमचं बोलणं ऐकत होते, एवढंच मला वाटलं.

बाजारातून हिरवा रंग आणला, नवा भुसा रंगवला. पण मामा एकेक झाड नापास करत सुटले. बाभूळ दाखवली तर म्हणाले, "बाभळीचा असा डेरा नसतो, ती वर चपटी असती." लिंब दाखवला तर म्हणाले, "ह्यो लिंब आजारी हाय." चिंच दाखवली तर नुसतं "जावईबापू" म्हणाले आणि परत दिली.

एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, इंजिनात बसणारा माणूस कधी एवढं बघत नसेल."

"डायव्हरचं येगळं," ते म्हणाले. "डायव्हरला झाड येताना दिसतं. आलं आलं म्हनस्तवर गेलं. गार्डाला जाताना दिसतं. बारीक बारीक हुत जातं, पर लय येळ दिसतं. म्हून आमाला ठावं, कुठलं झाड कसं हाय त्ये."

 रात्रीची जेवणं झाल्यावर बायकोला म्हणालो, "हे मुद्दाम करताहेत. झाडं झाली की मिरजेला जावं लागेल, म्हणून झाडं होऊ देत नाहीत." ती ताटं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी आळस केला. चिंच दुरुस्त करायला घेतली आणि कंटाळून तशीच ठेवून दिली. संध्याकाळी मामांनी हात पुढे केला तेव्हा तीच, कालचीच, जशीच्या तशी चिंच त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती डोळ्याजवळ नेली. फिरवली. पुन्हा फिरवली. मग म्हणाले, "हां. आता झाली चिंच."

मला हसू आवरेना. "झाली ना? बघा, थोडासाच हात फिरवला!" असं म्हणत मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला हळू आवाजात ही गंमत सांगितली. तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली. चेहरा उतरला.

"कालचीच होती?"

"कालचीच! तारेला तार लावली नाही मी."

"अहो," ती म्हणाली, "त्यांना दिसत नाही."

मी तिथेच उभा राहिलो. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने ती उलटली नाही. मग सगळं एकेक आठवायला लागलं. ते तांब्या घ्यायचे तो आधी हाताने चाचपून. दारातून कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून सांगायचे. लाल भुसा त्यांनी पाहिला नव्हता, आमच्या बोलण्यातून ओळखला होता. डाव्या डोळ्यालाही आता फक्त उजेड-अंधार कळत असणार. आणि आमचा दिवस ठरलेला होता, तीन दिवसांवर.

"सांगू या का त्यांना सरळ?" मी विचारलं.

"सांगा. सकाळच्या गाडीनं गावी जातील. मग तो डोळाही गेला म्हणून समजा."

त्यानंतरचे तीन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मामा पलंगावर, मी दारावरच्या घाटाशी आणि बायको दोघांच्या मध्ये ये-जा करणारी. तो माणूस न दिसणाऱ्या झाडांना नावं ठेवत होता आणि आम्ही दोघं ती ऐकून घेत होतो. मी कचेरीत फायलींसमोर बसूनही तारा पिळत असे. साहेबांनी एकदा विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "वड." त्यांनी पुढे विचारलं नाही.

वडच राहिला होता. बाकीची झाडं त्यांनी कशीबशी मान्य केली, पण स्टेशनाजवळचा वड त्यांना मान्य होईना. "पारंब्या जमिनीला टेकल्या पायजेत." टेकवल्या. "लय जवळ झाल्या." लांब केल्या. "वडाखाली सावली गार पायजे." आता गार सावली तारेने कशी करायची? पण आता मला कळत होतं की ते वडाशी भांडत नाहीत, त्या मिरजेच्या खाटेशी भांडताहेत. राग येत नव्हता, भीती वाटत होती. ते म्हणतील "जमला नाही", दिवस निघून जाईल आणि डोळाही.

आदल्या दिवशी सकाळी माझा डिंक संपला. वडाची पानं चिकटवायची होती आणि रुळांलगतची खडी तर सगळीच सुटत होती. तेव्हा मला फळीवरची बरणी दिसली. मेहुण्याने गुऱ्हाळावरून काकवी पाठवली होती. बोटाला लावून पाहिली. चिकटपणात कुठल्याही डिंकाच्या तोंडात मारेल. जरा आटवली, आणखी दाट झाली. वड माखला, भुसा भुरभुरला. काय तकाकी आली! पावसात न्हालेलं झाड. मग राहवेना. चिंचेला एक हात, लिंबाला एक हात, बाभळीला एक हात. रुळाच्या दोन्ही बाजूंना काकवी ओतून खडी बसवली. ती थोडी रुळांवरही सांडली, पण घाई होती. एवढी वर्षं ऊस पिकवणाऱ्या मुलखात राहून गोड म्हणजे काय हे मला कळायला नको? पण त्या वेळी मला ते फक्त चिकट दिसत होतं.

भरतीच्या दिवशी सकाळी उठून घाटापाशी गेलो आणि डोंगर हलताना दिसला.

नीट पाहिलं. डोंगर जागेवरच होता, त्याच्यावरच्या मुंग्या हलत होत्या. लाल मुंग्या. उंबऱ्याखालून रांग निघाली होती, ट्रंकेवरून दारावर, दारावरून बोगद्यात, बोगद्यातून स्टेशनात. वडावर तर पानांइतक्या मुंग्या होत्या. काही जणी भुशाचे हिरवे कण तोंडात धरून परत निघाल्या होत्या. माझा वड माझ्या देखत पानगळ करत होता.

मी स्वयंपाकघरात धावलो. मुंग्यांच्या वाटेवर हळद टाकली की त्या मागे फिरतात, एवढं मलाही माहीत होतं. "हळद दे. लवकर, मूठभर."

बायको चुलीशी वाकलेली होती. "हळद संपलीय," ती म्हणाली.

"सांगलीत राहून हळद संपली?"

"संपली."

फडकं घेऊन बाहेर आलो तोवर मामा उठून आले होते. अंघोळ झालेली, पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, अंगात जुना काळा कोट. गार्डाची शिट्टी गळ्यात. काठी टेकत आले आणि घाटासमोरच्या खुर्चीवर बसले.

"झाला का वड?"

"झाला, मामा. रंगाचा शेवटचा हात..."

"बघू मग. फिरवू गाडी."

मी फडकं मारत होतो, पण फडक्याला काकवी लागत होती आणि मुंग्या माझ्याच हातावर येत होत्या. चावल्या तरी ओरडायची सोय नव्हती. मामांनी इंजिन उचललं. चावी भरताना त्यांचे हात जराही चुकत नसत. गाडी रुळावर ठेवली, डबे एकेक करून अडकवले, शिट्टी वाजवली आणि कळ सोडली.

गाडी निघाली. बोगद्यातून बाहेर आली, चिंचेपाशी वळली. मग चाकांना काकवी लागायला लागली. कट्‌ कट्‌ आवाज मंदावला. वडापाशी येऊन गाडी थांबली. चावी अजून संपली नव्हती. चाकं जागच्या जागी कुरकुरत होती.

"थांबली का?" मामा म्हणाले.

"सिग्नल नसेल," मी म्हणालो. यापेक्षा वेडगळ उत्तर त्या क्षणी मला सुचलं नाही.

"वडापाशी कवाच सिग्नल नव्हता."

त्यांनी हात पुढे केला. गाडी ढकलायला. मला दिसत होतं की तो हात सरळ मुंग्यांच्या घोळक्यात चाललाय. "हात काढा," म्हणावं तर दिसत नाही हे उघड होणार. न म्हणावं तर... मी बायकोकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराचं टोक मुठीत आवळलेलं. ती काहीच बोलली नाही. मीही बोललो नाही.

हात वडावर टेकला. मुंग्या बोटांवर चढल्या, मनगटावर, कोटाच्या बाहीत. त्यांनी हात झटकन मागे घेतला, डोळ्याशी नेला, दुसऱ्या हाताने चाचपला.

"मुंग्या हायत व्हय?"

"हो."

"लय हायत?"

"रूळ दिसत नाहीत, मामा."

ते स्वस्थ बसले. हातावर मुंग्या होत्या तरी झटकल्या नाहीत. इंजिनाची चाकं तेवढी कुरकुरत होती, मग तीही थांबली.

"म्हंजी समद्या घाटात मुंग्या," ते हळू म्हणाले, "आन्‌ मी बघत बसलोय."

मी फडकं खाली ठेवलं.

"ती चिंच. मी झाली म्हनलो ती. कालचीच हुती न्हवं?"

"हो, मामा."

"वाटलंच. तुमचा आवाज लय खूश झाला हुता."

मग त्यांनी हात धोतराला पुसला. मला वाटलं, आता उठतील, ट्रंक मागतील. माझी नजर त्यांच्या काठीवर होती. पण ते तसेच बसले आणि म्हणाले, "जावईबापू, झाड मातर खरं केलंत. खोट्या झाडावर मुंगी चढत न्हाई."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते आतच राहिलं. त्यांनी मान वळवली, माझ्या आवाजाच्या दिशेने नव्हे, मुलगी उभी असेल असं वाटलं त्या दिशेने. "पिशवी भर, बाय."

"भरून ठेवलीय, आप्पा."

मिरजेच्या बसमध्ये त्यांनी माझा दंड धरला. लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. जावयाला फक्त नमस्कार. बस सुटल्यावर ते म्हणाले, "हलायचं न्हाई म्हनत्यात. गार्डाला हलायची सवय असती, जावईबापू. थांबायची नसती." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मुंग्या चावलेल्या जागी त्यांच्या हाताला गांधी आल्या होत्या, माझ्याही. दवाखाना येईपर्यंत दोघंही खाजवत बसलो.

पट्टी बांधलेले ते दिवस आम्ही कसे काढले हे सांगत नाही. बायको त्यांच्या उशाशी बसे आणि स्टेशनांची नावं म्हणे, त्यांच्या छोट्या लाईनची, ओळीने. ती म्हणायला लागली की ते हलत नसत. शेवटचं स्टेशन आलं की पुन्हा पहिल्यापासून. पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी बोटं दाखवली आणि मामांनी चिडून विचारलं, "बोटं काय दावतासा? घड्याळ दावा." घड्याळात किती वाजले ते त्यांनी बरोबर सांगितलं. मी बाहेर जाऊन उगाचच पाणी प्यालो.

जाड भिंगांचा चष्मा आला आणि ते आमच्या घरी परतले. घाट तसाच होता. मुंग्यांनी सगळं गोड खाऊन संपवलं होतं आणि निघून गेल्या होत्या. वड म्हणजे आता पिळलेली तार आणि पारंब्यांची लोंबणारी सुतळी. मामा खाली वाकले, डोकं रुळांच्या पातळीवर आणलं, गार्डाच्या डब्यामागून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ह्यो वड?"

"होय, मामा."

"बरं झालं, जावईबापू."

"काय?"

"आधी दिसला न्हाई त्ये. न्हाईतर गेलोच नसतो मिरजेला."

त्या संध्याकाळी घाट मोडताना तार बोटात घुसली. रक्त थांबवायला हळद लावावी म्हणून मी फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं. डबा जुन्याच हळदीने काठोकाठ भरलेला. बाजारातून हळद कुणीच आणली नव्हती, बायको तर सगळे दिवस मिरजेत होती.

"अगं," मी म्हणालो, "हळद संपली होती ना?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मुंग्या हाकलल्या असत्या, तर आप्पा अजून वडालाच नावं ठेवत बसले असते. आता द्या तो डबा इकडं. ठेवाल खुर्चीवर, आणि बसाल."